दोनशे एकतीस तास

२२ एप्रिल २०१९, सोमवार, संध्याकाळी साडेसहा. २३१ तास बाकी.

जळगाव आणि रावेर मतदारसंघांतला प्रचार आदल्या दिवशी संपला होता. मतदान यंत्रं आणि व्हीव्हीपॅटच्या पेट्या घेऊन कर्मचारी आपापल्या केंद्रांवर निघाले होते, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांपासून ते एरंडोल-पारोळ्याच्या कोरडवाहू गावांपर्यंत. टीव्हीवर श्रीलंकेतल्या ईस्टरच्या स्फोटांची दृश्यं होती. त्याच सुमारास, वॉशिंग्टनमध्ये सकाळ असताना, व्हाइट हाउसनं एक निवेदन काढलं. इराणकडून तेल घ्यायला आठ देशांना अमेरिकी निर्बंधांतून दिलेली सवलत मे महिन्याच्या सुरुवातीला संपते आहे आणि ती वाढवून मिळणार नाही, इराणची तेलनिर्यात शून्यावर आणायची आहे. परराष्ट्रमंत्री माइक पॉम्पेओ यांनी पाठोपाठ पत्रकारांना तेच सांगितलं. मुदत २ मेची. वॉशिंग्टनची मध्यरात्र म्हणजे आपली सकाळ साडेनऊ.

त्या आठांत चीन, भारत, जपान, दक्षिण कोरिया, तैवान, तुर्कस्तान, इटली आणि ग्रीस होते. इराणकडून सर्वाधिक तेल घेण्यात चीनच्या पाठोपाठ आपला नंबर. आपल्याला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक बाहेरून येतं आणि २०१८-१९ मध्ये बाहेरून आलेल्या दर दहा पिंपांतलं साधारण एक पिंप इराणचं होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये सवलत मिळाली तीच मुळी रोज तीन लाख पिंपांची मर्यादा घालून. आता मर्यादा शून्य होणार होती.

पुढच्या २३१ तासांत खानदेशानं दोनदा मतदान केलं. जळगाव-रावेरनं २३ एप्रिलला, धुळे-नंदुरबारनं २९ एप्रिलला. या दोन मतदानांच्या मधून देशाच्या परराष्ट्र धोरणातला एक मोठा निर्णय सरकून गेला आणि मत देणाऱ्यांना तो कुणी समजावून सांगितला नाही. त्या निर्णयात तेल होतं, एका जुन्या मित्राशी असलेला व्यवहार होता, आपण जगासमोर मांडलेलं एक तत्त्व होतं आणि दूरदेशीच्या आजारी माणसांचे जीवही होते. मला हे तास खानदेशातून मोजावेसे वाटतात, कारण निर्णय ज्यांच्या नावानं घेतला गेला त्यांच्यातली काही लाख माणसं त्याच दिवसांत इथे रांगेत उभी होती.

२३ एप्रिल, सकाळी सात. २१८ तास बाकी.

एप्रिलात खानदेशात मतदान म्हणजे ऊन चढायच्या आत उरकायचं काम. त्या वर्षी दुष्काळही होता. राज्यानं ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर केलेल्या १५१ दुष्काळी तालुक्यांच्या यादीत जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतले तालुके होते. रांगेतल्या माणसाच्या डोक्यात पाणी होतं, बोंडअळीनं दोन हंगामांपूर्वी खाल्लेला कापूस होता, कर्जमाफीची यादी होती, आणि पुलवामा-बालाकोट होतं. इराण कुठे असणार?

पण तेल होतं, सगळीकडे होतं. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर जळगावात घासलेट विकायला सुरुवात केली. त्या धंद्यातून पुढे शेतीचं साहित्य, मग पीव्हीसीचे पाइप, मग ठिबक असा जगभर पोचलेला उद्योग उभा राहिला. आज रावेर-यावलच्या केळीबागेत झाडाच्या बुंध्याशी जी काळी नळी थेंब थेंब पाणी सोडते ती खनिज तेलापासूनच बनते. जळगावच्या एमआयडीसीतून देशभर जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या चटयांचा कच्चा माल तोच. सावद्याहून दिल्लीला निघालेल्या केळीच्या ट्रकची टाकी आहे, आणि धुळ्याला एकमेकांना छेदणाऱ्या मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्गांवरचे ढाबे, गॅरेजं, टायरची दुकानं आहेत. मनमाडजवळच्या पानेवाडीला मुंबईहून पाइपलाइननं येणारं पेट्रोल-डिझेल टँकरनं गावोगाव जातं. त्या टँकरमध्ये इराक, सौदी, इराण, नायजेरिया सगळे एकत्र मिसळलेले असतात. पंपावर उभ्या असलेल्या माणसाला कुणाचं तेल आपण भरतो आहोत हे कळायची सोय नसते, आणि म्हणूनच ते कुणाकडून घ्यायचं हे त्याच्या वतीनं ठरवणाऱ्यांवर ते त्याला सांगण्याची जबाबदारी येते.

त्या दिवशी पेट्रोलियममंत्री धर्मेंद्र प्रधान यांनी ट्विट केलं. रिफायनऱ्यांना पुरेसं तेल मिळण्याची पक्की योजना तयार आहे, इतर मोठ्या उत्पादक देशांकडून जादा पुरवठा होईल, असा त्याचा आशय होता. दिल्लीत काँग्रेसनं सरकारवर टीका केली. तिचा रोख मुख्यतः पेट्रोलच्या दरावर होता. सत्ताधारी म्हणत होते तेल मिळेल, विरोधक म्हणत होते ते महाग मिळेल. पुरवठा आणि भाव या दोन गोष्टी संपल्या की आपल्याकडे तेलाची चर्चा संपते.

बाकीचं कुणी बोललं नाही ते असं. ११ महिन्यांपूर्वी, २८ मे २०१८ रोजी, परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी पत्रकार परिषदेत भारताची भूमिका स्वच्छ शब्दांत मांडली होती. भारत संयुक्त राष्ट्रांनी लादलेले निर्बंध मानतो, एखाद्या देशानं स्वतःच्या बळावर लादलेले मानत नाही. इराणवरचे हे निर्बंध संयुक्त राष्ट्रांचे नव्हते. उलट २०१५ च्या अणुकराराला सुरक्षा परिषदेनं ठराव करून मान्यता दिली होती, आणि त्यातून ८ मे २०१८ ला बाहेर पडली होती ती अमेरिका. स्वराजबाईंचं ते वाक्य मला आजही योग्य वाटतं. लहान आणि मध्यम ताकदीच्या देशांना जगात उभं राहायला नियम लागतात, आणि नियम कुणी करायचे याबद्दलचं ते म्हणणं होतं. २ मे रोजी आपण ते सोडणार होतो की नाही, हा खरा प्रश्न होता.

२३ एप्रिल, संध्याकाळी सहा. २०७ तास बाकी.

मतदान संपलं. यंत्रं सीलबंद होऊन जळगावला निघाली. ब्रेंट तेलाचा भाव पिंपामागे ७४ डॉलरच्या वर, तोवरच्या सहा महिन्यांतला सर्वांत जास्त.

२५ एप्रिल, सकाळी साडेनऊ. १६८ तास बाकी.

बरोबर एक आठवडा उरला. आता केळीकडे वळावं लागतं.

जळगाव जिल्ह्यात ४० हजार हेक्टरांहून अधिक केळी आहे. जूनमध्ये लावलेल्या टिश्यू कल्चरच्या मृगबागा या दिवसांत कापणीला येऊ लागतात. बहुतेक माल रावेर बाजार समितीच्या आणि बऱ्हाणपूरच्या भावावर ट्रकनं उत्तरेला जातो. निर्यातीचा माल वेगळा. घड बागेत जपून उतरवायचा, फण्या सोडवायच्या, धुवायच्या, सुमारे १३ किलोच्या खोक्यात भरायच्या आणि १३-१४ अंशांवर थंड ठेवलेल्या कंटेनरमधून न्हावाशेव्याला पाठवायच्या. तिथून आखात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पुढे जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली. भारतीय केळीच्या मोठ्या गिऱ्हाइकांत संयुक्त अरब अमिराती होती, ओमान होता, आणि त्या वर्षांत इराण वेगानं वर येत होता.

इराणशी व्यवहार डॉलरमध्ये करता येत नव्हता, कारण डॉलरमधला पैसा शेवटी अमेरिकी बँकांच्या हातून जातो. म्हणून एक वेगळी व्यवस्था उभी केलेली होती. आपल्या तेल कंपन्या इराणच्या तेलाची किंमत यूको बँकेतल्या खात्यात रुपयांत भरत, आणि त्या रुपयांतून इराण भारतातला माल घेई, म्हणजे बासमती, चहा, सोयापेंड, औषधं, फळं. पंजाबचा तांदूळवाला, आसामचा मळेवाला आणि महाराष्ट्रातला फळ निर्यातदार एका अर्थानं इराणच्या तेलाशी बांधलेले होते. या खात्याला विहीर म्हटलं तर तेल हा तिचा झरा. २ मेला झरा बंद होणार होता. साठलेल्या पाण्यावर विहीर काही काळ चालते, आणि म्हणूनच त्या आठवड्यात कुणाच्या बागेत काही बिघडल्यासारखं दिसलं नाही. बंदराकडे निघालेली खोकी निघतच राहिली.

अन्न आणि औषधांवर निर्बंध नाहीत, असं वॉशिंग्टन सतत सांगत होतं. कायद्याच्या अक्षरात ते खरं होतं. प्रत्यक्षात बँक घाबरते, विमा कंपनी घाबरते. मोठ्या जहाज कंपन्यांनी २०१८ मध्येच इराणची बुकिंग थांबवली होती. इन्सुलिन पाठवायला परवानगी आहे, पण पैसे स्वीकारायला बँक तयार नाही, अशी ती परवानगी. मार्च-एप्रिल २०१९ मध्ये इराणात मोठे पूर आले, ७० हून अधिक माणसं मेली, आणि तिथल्या रेड क्रिसेंटनं तक्रार केली की निर्बंधांमुळे परदेशातून पैशाची मदतही पोहोचत नाही. पॉम्पेओ यांचं निवेदन आलं तेव्हा त्या पुराचं पाणी पुरतं ओसरलंही नव्हतं.

२८ एप्रिल, दुपारी तीन. ९० तास बाकी.

उष्णतेची लाट. अकोल्यात पारा ४७ अंशांवर, खानदेशात रस्ते ओस. धुळे आणि नंदुरबारचा प्रचार संपला होता.

इराणचं तेल जाणार असेल तर त्याची जागा कोण घेणार होतं, हे या शांत दुपारी पाहिलं पाहिजे. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. सौदी अरेबिया, अमिराती, इराक आणि खुद्द अमेरिका. पॉम्पेओ यांनी आपल्या घोषणेतच सौदी आणि अमिरातींचा उल्लेख केला होता.

सौदीशी आपली जवळीक त्याआधीच दिसली होती. १६ फेब्रुवारीला, पुलवामाच्या हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी, पंतप्रधान धुळ्यात होते. सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा सिंचन योजना आणि मनमाड-धुळे-इंदूर रेल्वेमार्ग यांचे कार्यक्रम होते. सभेत शोक होता, संताप होता. तीन दिवसांनी, १९ तारखेच्या रात्री, सौदी युवराज मोहम्मद बिन सलमान दिल्लीत उतरले तेव्हा पंतप्रधान राजशिष्टाचार बाजूला ठेवून स्वतः विमानतळावर गेले आणि त्यांना मिठी मारली. युवराज त्याआधी इस्लामाबादला जाऊन पाकिस्तानशी २० अब्ज डॉलरचे करार करून आले होते. अवघ्या साडेचार महिन्यांपूर्वी, २ ऑक्टोबर २०१८ ला, पत्रकार जमाल खशोगी यांचा इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत खून झाला होता. ९ ऑगस्ट २०१८ ला येमेनमध्ये सौदी आघाडीच्या हवाई हल्ल्यात शाळकरी मुलांची बस उद्ध्वस्त झाली. ४० मुलं मेली. बस सहलीची होती.

इराणचं राज्य धुतल्या तांदळासारखं आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. तिथे कायद्याच्या नावाखाली माणसं फासावर चढवली जातात, बायकांना तुरुंगात घातलं जातं, येमेनच्याच युद्धात दुसऱ्या बाजूला इराणची मदत आहे. तेल विकणाऱ्या देशांच्या यादीतून निष्कलंक देश निवडायला बसलं तर आपल्या टाक्या कोरड्या पडतील. हे मान्य करूनच पुढे बोलायला हवं. पण मग एकाकडून दुसऱ्याकडे वळताना आपण काय करतो आहोत याचं नाव तरी घ्यायला हवं. एका दडपशाहीची जागा दुसरीला देत होतो, आणि तेही आपल्या निवडीनं घडत नव्हतं. तिसऱ्या देशाच्या धाकामुळे घडत होतं. या धाकापुढे न झुकल्यास काय किंमत पडली असती? आपल्या बँका आणि तेल कंपन्या डॉलरच्या व्यवस्थेबाहेर फेकल्या जाण्याचा धोका होता. तो खरा धोका होता. अशा धोक्यापुढे माघार घेणारं सरकार भ्याडच असतं असं नाही. माघार लपवणारं सरकार मात्र आपल्या नागरिकांना लहान मुलांसारखं वागवतं.

महाराष्ट्रालाही सौदी-अमिरातींशी चाललेल्या व्यवहाराची झळ त्याच काळात लागत होती. सौदी अराम्को आणि अबुधाबीची अॅडनॉक यांच्या भागीदारीतली अवाढव्य रिफायनरी कोकणात नाणारला येणार होती. स्थानिकांच्या विरोधानंतर मार्च २०१९ च्या सुरुवातीला तिथलं भूसंपादन रद्द झालं. कोकणातल्या आंबेवाल्यांनी निदान प्रश्न तरी विचारला. खानदेशासमोर तो प्रश्न आलाच नाही.

२९ एप्रिल, सकाळी सात. ७४ तास बाकी.

धुळ्यात मतदान. मालेगावची दोन्ही क्षेत्रं आणि बागलाणही याच मतदारसंघात, त्यामुळे यंत्रमागाची धडधड आणि कांद्याच्या चाळी एकाच रांगेत. इथले खासदार आणि उमेदवार डॉ. सुभाष भामरे केंद्रात संरक्षण राज्यमंत्री होते. म्हणजे देशाच्या सुरक्षेविषयी बोलणाऱ्या मंत्रिमंडळातला एक माणूस थेट धुळ्याच्या मतदारांसमोर उभा होता. मुदत संपायला तीन दिवस होते. ऊर्जा हा सुरक्षेचाच भाग आहे असं सगळी सरकारं सांगतात. तरी इराणचं तेल थांबतं आहे का, थांबत असेल तर का, बदल्यात काय मिळतं आहे, हा या निवडणुकीचा विषय झाला नाही.

इराणशी आपलं देणंघेणं केवळ पिंपांचं नव्हतं. मार्च १९९४ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगापुढे पाकिस्ताननं काश्मीरवरून भारताविरुद्ध ठराव आणला होता. नरसिंह रावांनी आजारी परराष्ट्रमंत्री दिनेश सिंह यांना तेहरानला धाडलं, आणि इराणच्या भूमिकेमुळे तो ठराव पुढे गेला नाही. ११ वर्षांनी, २४ सप्टेंबर २००५ ला, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत आपण इराणच्या विरोधात मत दिलं. अमेरिकेबरोबरचा अणुकरार तेव्हा आकार घेत होता. पुढच्या जानेवारीत इराणहून पाकिस्तानमार्गे येणाऱ्या वायुवाहिनीसाठी झटणारे पेट्रोलियममंत्री मणिशंकर अय्यर यांचं खातं गेलं. २००५ चा निर्णय मनमोहन सिंग सरकारचा, २०१९ चा मोदी सरकारचा. पक्ष बदलले तरी वळण तेच राहिलं.

संध्याकाळी सहानंतर धुळ्याचीही यंत्रं बंद झाली. खानदेशाकडून आता काहीही विचारलं जाणार नव्हतं.

१ मे, सकाळी आठ. २५ तास बाकी.

महाराष्ट्र दिन. जिल्हाधिकारी कार्यालयांसमोर ध्वजवंदन.

१ मे, दुपार. २१ तास बाकी.

गडचिरोली जिल्ह्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाचा स्फोट. पोलिसांच्या शीघ्र कृती पथकाचे १५ जवान आणि गाडीचा चालक ठार. राज्याचं सगळं लक्ष तिकडे गेलं, आणि जाणंच योग्य होतं.

१ मे, संध्याकाळी साडेसहा. १५ तास बाकी.

न्यूयॉर्कहून बातमी आली. जैश-ए-मोहम्मदचा म्होरक्या मसूद अझर याला संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं दहशतवाद्यांच्या यादीत टाकलं. चीननं वर्षानुवर्षं धरून ठेवलेली आडकाठी काढली. भारताचे प्रतिनिधी सय्यद अकबरुद्दीन यांनी ट्विट करून ते जाहीर केलं.

खानदेशाला या बातमीचं मोल वेगळं सांगायची गरज नव्हती. जैशनं घडवलेल्या पुलवामाच्या हल्ल्यात मेलेल्या ४० जवानांत बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते, त्यांतला एक मलकापूरचा. भुसावळहून अकोल्याकडे निघालं की जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर लागणारं मोठं स्टेशन मलकापूर. या भागातली कितीतरी माणसं त्या अंत्ययात्रेला गेली होती. त्यांना १ मेच्या संध्याकाळी समाधान वाटलं असेल तर ते साहजिक होतं.

मसूदला यादीत आणण्यासाठी अमेरिकेनं भारताच्या बाजूनं मोठा जोर लावला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी इराणच्या तेलाची सवलत संपणार होती. या दोन गोष्टींची सांगड घातली गेली का, यावर त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून तर्क झाले. सरकारनं असा कोणताही सौदा मान्य केलेला नाही, आणि पुराव्याशिवाय मीही तो झाला असं म्हणणार नाही. सौदा नसला तरी प्रश्न उरतोच. पुलवामाच्या जवानांना न्याय मिळवण्यासाठी लागणारा मित्र आणि इराणी रुग्णाचं औषध अडवणारा देश एकच असेल, तर आपण त्याला काय सांगायचं? मलकापूरच्या त्या जवानाच्या आईला या प्रश्नाचं ओझं देता येत नाही. ते उचलायला आपण सरकार निवडतो, आणि सरकारनं ते उचललं असेल तर आपल्याला दिसायला हवं.

२ मे २०१९, सकाळी साडेनऊ. शून्य.

सवलत संपली.

त्या सकाळच्या बातम्यांत ओडिशाकडे सरकणारं फनी चक्रीवादळ होतं, किनाऱ्यावरून हलवली जाणारी लाखो माणसं होती, गडचिरोलीचे अंत्यसंस्कार होते, मसूद अझर होता. इराण कुठेतरी आतल्या पानावर. भारतानं काय ठरवलं हे त्या दिवशी दिल्लीतून स्पष्ट सांगितलं गेलं नाही. प्रत्यक्षात मे महिन्यासाठी इराणकडून खरेदीच झाली नव्हती.

या साडेनऊचा आणखी एक दाखला पुढे मिळाला. २७ ऑगस्ट २०२५ ला पुन्हा वॉशिंग्टनच्या मध्यरात्री, आपल्या सकाळी साडेनऊला, रशियाचं तेल घेतो म्हणून अमेरिकेनं लावलेला २५ टक्के जादा कर लागू झाला आणि भारतीय मालावरचा एकूण कर ५० टक्क्यांवर गेला. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा आपल्या आयातीत रशियाच्या तेलाचा वाटा दोन टक्क्यांच्याही खाली होता. दोन वर्षांत तो एकतृतीयांशावर गेला, कारण ते स्वस्त होतं. तेव्हा दिल्लीनं अमेरिकेचं न ऐकण्याचा निर्णय उघडपणे सांगितला, त्याचं समर्थन केलं, टीकाही सोसली. युक्रेनमधल्या शहरांवर पडणाऱ्या क्षेपणास्त्रांत आपल्या पैशाचा अंश आहे का, हा बोचरा प्रश्न त्यातून उभा राहिला आणि त्यावर देशात निदान वाद तरी झाला. २०१९ मध्ये झुकलो तेव्हा सगळं गुपचूप झालं. स्वाभिमानाच्या वेळी लाउडस्पीकर आणि माघारीच्या वेळी मौन, ही सवय कोणत्याही पक्षाच्या सरकारला परवडते, कारण आपण ती परवडू देतो.

१४ मे, मुदतीनंतर १२ दिवस.

इराणचे परराष्ट्रमंत्री जवाद झरीफ दिल्लीत आले. सुषमा स्वराज यांनी त्यांना सांगितलं की तेलाबद्दलचा निर्णय निवडणुकीनंतर, व्यापारी बाजू, ऊर्जा सुरक्षा आणि देशाचं आर्थिक हित पाहून घेतला जाईल. तेल तर थांबलेलं होतं. तत्त्वाचं ते जुनं वाक्य या उत्तरात नव्हतं. ११ महिन्यांपूर्वी ते जिनं ठामपणे उच्चारलं होतं त्याच व्यक्तीला हे सांगावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

२३ मे, मुदतीनंतर २१ दिवस.

निकाल. जळगावात उन्मेष पाटील, रावेरला रक्षा खडसे, धुळ्यात डॉ. भामरे, नंदुरबारला डॉ. हिना गावित. निकालाच्या सुमारासच भारताचे अमेरिकेतले राजदूत हर्षवर्धन शृंगला यांनी वॉशिंग्टनमध्ये सांगून टाकलं की एप्रिलमध्ये सुमारे दहा लाख टन तेल घेतल्यानंतर भारतानं इराणकडून काहीच घेतलेलं नाही. जळगावच्या आणि धुळ्याच्या मतदारांना ही गोष्ट आपल्या राजधानीतून कळायला हवी होती, आणि मत देण्याआधी कळायला हवी होती.

पुढचे महिने.

१५ नोव्हेंबर २०१९ ला तिजोरी आटलेल्या इराण सरकारनं पेट्रोलचे दर एकदम वाढवले. लोक रस्त्यावर आले. सरकारनं इंटरनेट बंद करून गोळ्या घातल्या. अॅम्नेस्टीनं किमान ३०४ मृत्यूंची नोंद केली. त्या गोळ्यांचा दोष तेहरानच्या राज्यकर्त्यांचा, तो दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही. पण ज्या आर्थिक फासात तो देश सापडला होता त्याची दोरी ओढायला सगळे ग्राहक देश लागले होते, आणि त्यांत आपण होतो.

त्याआधी ऑक्टोबरमध्ये ह्यूमन राइट्स वॉचनं या निर्बंधांबद्दलचा अहवाल प्रसिद्ध केला होता. इपिडर्मोलिसिस बुलोसा नावाच्या आजारात कातडी नुसत्या स्पर्शानं फाटते, फोड येतात, आणि जखमेला न चिकटणारी खास मलमपट्टी सतत लागते. ती युरोपातून येई. निर्बंधांच्या भीतीनं ती यायची थांबली, आणि इराणी मुलांच्या जखमांवर साधी पट्टी बांधावी लागली. बदलताना कातडीसकट निघणारी. हे वाचल्यावर तेलाच्या चर्चेत पुरवठा आणि भाव एवढ्यावर थांबणं मला तरी जमत नाही.

आणि विहीर आटली. २०१८-१९ मध्ये भारतातून इराणला सुमारे साडेतीन अब्ज डॉलरचा माल गेला होता. यूको बँकेतले रुपये संपत गेले तसा तीन वर्षांत तो निम्म्याच्याही खाली आला. बासमतीवाल्यांचे पैसे अडकल्याच्या बातम्या आल्या, केळी निर्यातदारांनी इराक-अमिरातींकडे मोर्चा वळवला. रावेरच्या शेतकऱ्यानं भाव पडण्याची कारणं वादळात, व्यापाऱ्यात, आंध्र-गुजरातच्या आवकेत शोधली. त्यांतली बरीचशी खरीही होती. वॉशिंग्टनच्या एका मध्यरात्रीचाही त्यात वाटा होता, हे त्याला कोण सांगणार?

१३ मे २०२४ ला जळगाव आणि रावेरनं पुन्हा लोकसभेसाठी मतदान केलं. त्याच दिवशी तेहरानमध्ये केंद्रीय बंदरे आणि जहाजवाहतूक मंत्री सर्बानंद सोनोवाल यांच्या उपस्थितीत इराणमधलं चाबहार बंदर भारतानं दहा वर्षं चालवण्याच्या करारावर सह्या झाल्या. काही तासांत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्यानं इशारा दिला की इराणशी व्यवहार करणाऱ्यांनी निर्बंधांचा धोका ध्यानात ठेवावा. तोवर सावद्या-फैजपूरच्या केंद्रांवरचं मतदान आटोपलेलं होतं.